सारायाकू विरुद्ध इक्वेडोर: जंगलातल्या तेलासाठी परवानगी कोणी, कोणाकडे मागायची?

12 मे 1992 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या सरकारने बोबोनासा नदीकाठच्या आदिवासी समूहांना त्यांच्या जंगलाचा सामूहिक पट्टा करून दिला. तो काही सरकारच्या मनात आलं म्हणून मिळाला नव्हता. त्याआधीच्या महिन्यात पास्तासा प्रांतातले आदिवासी पुयो शहरातून निघून, अँडीजचा चढ चढून राजधानी किटोपर्यंत पायी गेले होते आणि अध्यक्ष रॉद्रिगो बोर्हा यांच्या सरकारला त्यांच्याशी बोलणी करणं भाग पडलं होतं. या पट्ट्यातला सुमारे 1 लाख 35 हजार हेक्टरांचा भाग सारायाकू गावच्या किचवा या आदिवासी लोकांचा. मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा मिळून जेवढा भरतो त्याच्या दुपटीहून मोठं हे जंगल, आणि त्यात राहणारी माणसं जेमतेम बाराशे.

पट्ट्यात एक अट होती. जमिनीखालची साधनसंपत्ती सरकारची राहील आणि पर्यावरणाचे नियम पाळून ती काढायला सरकारला कोणी आडकाठी करणार नाही, अशा अर्थाची. यात इक्वेडोरचं काही वेगळेपण नाही. आपल्याकडेही सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी त्या जमिनीखालच्या तेलाचा मालक नसतो. पण पुढे जो खटला उभा राहिला त्याचं बीज या अटीत आहे. वरचं जंगल एकाचं आणि खालचं तेल दुसऱ्याचं असेल, तर खाली पोचण्यासाठी वरच्याला विचारायचं की नाही? विचारायचं तर ते कोणी?

26 जुलै 1996 रोजी सरकारी तेलकंपनी पेट्रोएक्वादोरने ‘ब्लॉक 23’ या 2 लाख हेक्टरांच्या तुकड्यात तेलशोध आणि उत्खननाचा करार केला. समोर अर्जेंटिनाची कोंपान्यिया हेनेराल दे कोंबुस्तिब्लेस, म्हणजे सीजीसी, आणि तिची भागीदार कंपनी. या ब्लॉकची सुमारे 65 टक्के जमीन सारायाकूची होती. करार होण्याआधी सारायाकूत कोणी विचारायला आलं नाही, आणि आलं नव्हतं हे पुढे न्यायालयात सरकारनेही नाकारलं नाही.

योगायोग असा की, भारतात ‘पेसा’ कायदा झाला तोही 1996 च्या डिसेंबरमध्येच. अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा, असं त्यात आहे. विचारविनिमय करायचा, पण ग्रामसभा नको म्हणाली तर पुढे काय, याबद्दल कायदा गप्प आहे. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत ज्यांनी हा कायदा प्रत्यक्ष वापरायचा प्रयत्न केला, त्यांना सारायाकूची गोष्ट फार परकी वाटू नये.

‘नको’ म्हणण्याची कारणं

सारायाकूला पोचायला रस्ता नाही. पुयोच्या बाजूने येऊन होडीने बोबोनासा नदीतून दोन-तीन दिवस, नाहीतर लहान विमानाने गावच्या धावपट्टीवर. घरं नदीच्या काठाने विखुरलेली. शेतात युका नावाचं कंद आणि केळी, नदीत मासे, जंगलात शिकार. निर्णय सभेत होतात आणि वस्तीवस्तीचे पारंपरिक प्रमुख, ज्यांना कुराका म्हणतात, त्यांचा त्यात मोठा वाटा असतो.

हे लोक तेलाला विरोध करत होते तो अज्ञानातून, असा सूर त्या काळात सरकारदरबारी होता. खरं तर त्यांना तेलाबद्दल बरंच ठाऊक होतं. देशाच्या उत्तरेला, कोलंबियाच्या सीमेजवळच्या लागो आग्रिओ भागात टेक्साको कंपनीने 1960 च्या दशकापासून तेल काढलं होतं. तेलाबरोबर वर येणारं खारट, विषारी पाणी ओढ्यानाल्यांत सोडलं, गाळ आणि कच्चं तेल बिनअस्तराच्या उघड्या खड्ड्यांत साठवलं. कोफान, सिओना, सेकोया या आदिवासींच्या भागात काय झालं ते दक्षिणेतल्या लोकांच्या कानावर होतं. शिवाय 1989 मध्ये आर्को या अमेरिकी कंपनीच्या भूकंपीय सर्वेक्षणावरून सारायाकूतच पेच झाला होता. सरकारी अधिकाऱ्यांना तिथे येऊन समझोत्यावर सह्या कराव्या लागल्या होत्या. त्या समझोत्याचं पुढे फारसं काही झालं नाही, हेही लोकांच्या लक्षात होतं.

सरकारची बाजूही नीट पाहायला हवी, नाहीतर हे प्रकरण काळं-पांढरं दिसतं. 1972 पासून इक्वेडोर तेल निर्यात करणारा देश आहे आणि अंदाजपत्रकाचा मोठा भाग तेलावर चालतो. 1999 मध्ये तिथल्या बँका कोसळल्या. 2000 मध्ये देशाने स्वतःचं चलन, सुक्रे, सोडून डॉलर स्वीकारला. नोटा छापणं हातात नाही, कर्ज डोक्यावर, आणि डॉलर आणून देणारी मुख्य वस्तू म्हणजे कच्चं तेल. अशा सरकारला बाराशे माणसांची सभा हा अडथळाच वाटणार. वाटला तसाच वागवलाही गेला.

सह्यांची यादी

पुढे तेल शोधायला या जंगलात स्फोटकं पेरली गेली. या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो त्याआधीचा काळ. सीजीसीने बंदूक दाखवून सुरुवात केली नाही. तिने आधी पैसे देऊ केले. 2000 मध्ये सारायाकूला विकासकामांसाठी 60 हजार डॉलर आणि पुरुषांना 500 नोकऱ्या, असा प्रस्ताव आला. बाराशे वस्तीच्या गावात 500 नोकऱ्या म्हणजे घरटी एकाहून जास्त. 25 जून 2000 च्या सभेत गावाने तो नाकारला.

मग रीत बदलली. डाय्मी सर्व्हिसेस नावाची कंपनी नेमली गेली. तिच्याकडे समाजशास्त्रज्ञ होते, मानववंशशास्त्रज्ञ होते आणि काम ‘समुदायसंबंध’ सांभाळण्याचं. गावाच्या सभेला वळसा घालून एकेका कुटुंबाशी, एकेका पुढाऱ्याशी बोलणं सुरू झालं. सारायाकूतल्या थोड्या लोकांचा एक वेगळा, ‘स्वतंत्र’ म्हणवणारा गट उभा राहिला आणि त्याच्याशी करार झाला. शेजारच्या वस्त्यांशी पैशांचे आणि कामांचे करार झाले.

आणि वैद्यकीय पथक आलं. ज्या गावातून दवाखान्यात जायला दोन-तीन दिवस होडीत बसावं लागतं तिथे डॉक्टर आले तर गर्दी होणारच. तपासून घ्यायचं तर आधी यादीवर सही करायची. निकालपत्रात नोंद आहे की ही यादी नंतर कंपनीच्या कामाला पाठिंबा म्हणून वापरली गेली.

ही युक्ती साधी आहे आणि म्हणूनच ती जगभर चालते. कागदावर सह्या आहेत, तारखा आहेत, माणसं खरी आहेत. फक्त त्यांनी सही केली ती ताप उतरावा म्हणून. ‘लोकांना विचारलं होतं’ असं नंतर ज्या फायलींत लिहिलेलं असतं, त्या फायलींच्या तळाशी किती ठिकाणी अशी यादी असेल, हा प्रश्न हे प्रकरण वाचताना पाठ सोडत नाही.

467 बोअर

भूकंपीय सर्वेक्षणात तेल काढत नाहीत, ते आहे का आणि किती खोल हे शोधतात. जंगलातून सरळ रेषेत पट्टे तोडायचे, त्या रेषांवर ठरावीक अंतराने बोअर मारायचे, त्यांत स्फोटकं भरून उडवायची आणि जमिनीतून परत येणारे कंप जिओफोन नावाच्या यंत्रांनी टिपायचे. त्या प्रतिध्वनींवरून खालच्या खडकांचा नकाशा तयार होतो. नकाशावर या रेषा बारीक दिसतात. जमिनीवर त्या रेषांसाठी कामगारांच्या टोळ्या येतात, छावण्या पडतात, हेलिकॉप्टर उतरवायला झाडं तोडून मैदानं करावी लागतात.

2002 च्या शेवटी काम सारायाकूच्या हद्दीत शिरलं. त्याआधी एप्रिलमध्ये गावाने ऊर्जा मंत्रालयाला विरोध लेखी कळवला होता. जुलै 2001 मध्ये संरक्षण मंत्रालयाने तेलकंपन्यांशी सुरक्षेचा करार केलेला असल्याने कंपनीमागे लष्करही होतं. नोव्हेंबरमध्ये गावाने स्वतःची आणीबाणी जाहीर केली. शाळा बंद, इतर कामकाज बंद, आणि माणसं घरं सोडून हद्दीवर. ‘शांतता आणि जीवनाच्या छावण्या’ असं त्यांनी या तळांना नाव दिलं. एकेका छावणीत साठ ते शंभर माणसं. त्यांत बायका, मुलं, म्हातारी माणसंही. जवळजवळ तीन महिने शेतांकडे कोणी फिरकलं नाही. पेरणी राहिली, जंगलात मिळेल त्यावर भागवलं.

या काळाची किंमत पुढे रकमेत मोजायचा प्रयत्न न्यायालयाने केला. पण शेतीवर आणि शिकारीवर जगणाऱ्या समाजाने एक हंगाम सोडून देणं म्हणजे काय, हे कोरडवाहू मुलखातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

जानेवारी 2003 मध्ये सारायाकूच्या चौघांना लष्कराने ताब्यात घेतलं. 6 फेब्रुवारी 2003 रोजी सीजीसीने परिस्थिती हाताबाहेर असल्याचं कारण दाखवून काम थांबवलं. तोवर 467 बोअरमध्ये सुमारे 1,433 किलो पेंटोलाइट भरून झालं होतं. पेंटोलाइट हे जोरदार स्फोटक आहे. काही थोडक्या खोलीवर, बाकीचं बरंच खाली. काम थांबलं, माणसं गेली, स्फोटकं राहिली. ज्या जंगलात शिकारीला जायचं, मुलांना वाटा शिकवायच्या, तिथे नेमकं कुठे पाय ठेवू नये हे कोणालाच माहीत नाही अशी अवस्था झाली.

नुकसानीची यादी न्यायालयाने केली ती वाचण्यासारखी आहे, कारण तीत पाण्याचे झरे, गुहा आणि भूमिगत प्रवाह आहेत, आणि एका याचाकचं, म्हणजे पारंपरिक जाणत्याचं, लिस्पुंगो नावाचं पवित्र झाडही आहे. सुनावणीत वयोवृद्ध याचाक साबिनो ग्वालिंगा यांनी सांगितलं की, सारायाकू ही जिवंत भूमी आहे. जंगलाचा तोल राखणारे जे अदृश्य धनी तिथे राहतात, त्यांपैकी निम्मे स्फोटांनंतर निघून गेले. हे विधान काव्य म्हणून बाजूला ठेवणं सोपं होतं. न्यायालयाने ते पुरावा म्हणून ऐकलं आणि सांस्कृतिक ओळखीच्या हक्काचा भंग ठरवताना त्याची दखल घेतली. मला हा निकालातला सर्वांत धाडसाचा भाग वाटतो.

नदीवरचे शेजारी

देशातलं न्यायालय काय करत होतं? 28 नोव्हेंबर 2002 रोजी पास्तासाच्या आदिवासी संघटनेने तिथल्या दिवाणी न्यायाधीशांकडे घटनात्मक संरक्षणाचा अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी तो दाखल झाला, हक्कांना बाधा येईल असं काहीही करू नये असा अंतरिम आदेशही निघाला. सुनावणी 7 डिसेंबरला ठरली. ती झालीच नाही. आदेश कागदावर आणि बोअर जंगलात, असे दोन्ही शेजारी शेजारी चालू राहिले. हे नंतर इक्वेडोरला महागात पडलं, कारण देशांतर्गत दाद मिळाली नाही हे सिद्ध करायला फिर्यादींना फार खटपट करावी लागली नाही.

त्याहून वाईट घडलं ते नदीवर. बोबोनासा ही सारायाकूची एकमेव वाहती वाट, आणि पुयोकडे जाताना लागणाऱ्या काही वस्त्यांनी कंपनीशी करार केलेले. त्यांच्या मते सारायाकूच्या हट्टामुळे त्यांचे पैसे, त्यांची कामं अडली होती. सारायाकूच्या होड्या अडवल्या जाऊ लागल्या. 4 डिसेंबर 2003 रोजी शांतता मोर्चासाठी पुयोकडे निघालेल्या सुमारे 120 सारायाकूवासीयांवर कानेलोस इथे हल्ला झाला. मारणारेही किचवाच होते.

कानेलोसच्या लोकांना खलनायक करण्यात अर्थ नाही. रस्ता, दवाखाना, रोजगार सरकारने कधी दिला नाही. कंपनी देते म्हणाली. ज्याला ते हवं होतं त्याचं चुकलं असं किटोत किंवा पुण्यात बसून कोणी म्हणू नये. पण ज्याने हा देकार असा वाटला की एका नदीवरची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, त्याची जबाबदारी मोठी. आणि सरकारने हे सगळं दुरून पाहिलं.

न्यायाधीश होडीघाटावर

हल्ल्यानंतर पंधरवड्यात, 19 डिसेंबर 2003 रोजी, प्रकरण अमेरिका खंडातल्या देशांच्या सामाईक आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे गेलं. 2004 मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने तात्पुरत्या संरक्षणाचे आदेश दिले. आयोगाने खटला न्यायालयात नेला तो 2010 मध्ये. दरम्यान इक्वेडोरची राज्यघटना बदलली. 2008 च्या नव्या घटनेने निसर्गालाच हक्क दिले आणि त्याच घटनेने जमिनीखालचं तेल सरकारचं हेही पुन्हा लिहून ठेवलं. नोव्हेंबर 2010 मध्ये सरकार आणि सीजीसी यांनी परस्परसंमतीने करार संपवला. कंपनी कथेतून बाहेर पडली. आरोपीच्या पिंजऱ्यात राज्य, म्हणजे इक्वेडोर देश, उरलं, आणि कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं.

21 एप्रिल 2012 रोजी न्यायालयाचे अध्यक्ष दिएगो गार्सिया-सायान यांच्यासह न्यायाधीशांचं पथक सारायाकूत गेलं. घटनास्थळी जाण्याची या न्यायालयाची ही पहिलीच वेळ. तिथे, गावकऱ्यांसमोर, अध्यक्षीय कार्यालयाचे कायदा सचिव आलेक्सिस मेरा यांनी राज्याची जबाबदारी मान्य केली.

27 जून 2012 च्या निकालाचा गाभा थोडक्यात मांडता येतो. राज्याचा एक बचाव असा होता की, कंपनीने लोकांशी संपर्क ठेवला, माहिती दिली, मदत केली. ती सल्लामसलतच होती. न्यायालयाने तो फेटाळला. सल्लामसलत हे राज्याचं कर्तव्य आहे. ते खासगी कंपनीवर सोपवता येत नाही, आणि ज्या कंपनीला तेल हवं आहे तिच्यावर तर नाहीच. दुसरा बचाव, 1996 मध्ये असं कर्तव्यच नव्हतं. त्यावर न्यायालयाचं म्हणणं की, इक्वेडोरने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा आदिवासींविषयीचा 169 क्रमांकाचा करार 1998 मध्ये स्वीकारला होता आणि स्फोटकं पेरली गेली ती त्यानंतर. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल कंपनीनेच नेमलेल्या खासगी संस्थेने, सारायाकूच्या सहभागाशिवाय केला होता. तोही निकषांत बसला नाही. सामूहिक मालमत्ता, सांस्कृतिक ओळख, न्यायालयीन संरक्षण यांचा भंग झाला; आणि पेरलेल्या स्फोटकांमुळे जीविताला गंभीर धोका निर्माण केला म्हणून त्या हक्काचाही.

(भारताने हा 169 क्रमांकाचा करार स्वीकारलेला नाही. आपण 1958 मध्ये त्याआधीचा 107 क्रमांकाचा करार स्वीकारला आणि तिथेच थांबलो. आदिवासींना ‘मुख्य प्रवाहात’ मुरवून घ्यावं अशा विचाराचा तो करार.)

भरपाई म्हणून भौतिक नुकसानीचे 90 हजार डॉलर आणि इतर नुकसानीचे साडेबारा लाख डॉलर गावाला देण्याचा आदेश झाला. शिवाय स्फोटकं निकामी करून काढणं, पुढे काही करायचं तर आधी नीट सल्लामसलत, त्यासाठी देशात कायदा, सैनिक-पोलिस-अधिकाऱ्यांना प्रशिक्षण, आणि जाहीर कबुली.

जे मिळालं नाही

निकालाच्या कौतुकात एक गोष्ट अनेकदा सुटते. सारायाकूला नकाराधिकार मिळालेला नाही. न्यायालयाने म्हटलं की सल्लामसलत पूर्वसूचनेने, सद्भावनेने, लोकांच्या रीतीने, पूर्ण माहिती देऊन आणि सहमती व्हावी या हेतूने झाली पाहिजे. सहमती झालीच नाही तर तेल काढता येणार नाही, असं मात्र सरसकट म्हटलेलं नाही. 2007 च्या सारामाका विरुद्ध सुरिनाम खटल्यात याच न्यायालयाने फार मोठ्या प्रकल्पांसाठी संमती आवश्यक मानली होती. सारायाकूत ते त्या दिशेने आणखी पुढे गेलं नाही. म्हणजे राज्याला विचारणं बंधनकारक झालं, उत्तर मानणं नाही.

आणि सरकारने ही फट लगेच हेरली. निकालाला पाच महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर 2012 मध्ये, अध्यक्ष रफाएल कोरेया यांच्या सरकारने दक्षिण ॲमेझॉनमधल्या तेलब्लॉकांचा नवा लिलाव जाहीर केला. त्याआधीच सल्लामसलत कशी करायची याचा एक सरकारी हुकूम काढला, त्यानुसार गावोगाव कार्यालयं उघडली, सह्या घेतल्या आणि ‘सल्लामसलत झाली’ असं लिहिलं. नव्या नकाशावर ब्लॉक 74 आणि 75 पुन्हा सारायाकूच्या जमिनीवर होते.

1 ऑक्टोबर 2014 रोजी मंत्री सारायाकूत आले आणि राज्याने जाहीर माफी मागितली. पैसे मिळाले. रेंगाळले ते दोन मुद्दे: सल्लामसलतीचा कायदा आणि पेंटोलाइट. थोडक्या खोलीवरची काही किलो स्फोटकं निकालाआधीच काढली गेली होती. एकूण 1,433 किलोंपुढे तो आकडा किरकोळ. खोलवरच्या साठ्याचं करायचं काय, हे तर लोकांशी बोलून ठरवायचं होतं, कारण ते उकरायला पुन्हा यंत्रं जंगलात न्यावी लागतील.

सारायाकू तोवर बसून राहिलं नाही. आपल्या हद्दीवर रंगीत फुलं येणारी झाडं लावायची, म्हणजे विमानातूनही सीमा दिसेल, असा ‘सिसा न्यांपी’ नावाचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. 2018 मध्ये ‘कावसाक साचा’, जिवंत जंगल, ही आपली भूमिका किटोत जाऊन जाहीर केली: या जंगलाला स्वतःचे हक्क आहेत आणि तिथे कोणतंही उत्खनन नको. न्यायालयाने जो नकार दिला नाही तो त्यांनी स्वतःच्या नावाने लिहून ठेवला.

निकालाचा खरा उपयोग शेजाऱ्यांना झाला. 2012 च्या त्याच सह्या-पद्धतीच्या सल्लामसलतीविरुद्ध पास्तासातले वाओरानी हे आदिवासी 2019 मध्ये न्यायालयात गेले. खटला पुयोत चालला, त्याच प्रांतात जिथे 2002 ची सुनावणी कधी झालीच नव्हती. 26 एप्रिल 2019 रोजी न्यायाधीशांनी ती सल्लामसलत अवैध ठरवली. जुलैमध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि ब्लॉक 22 मधली वाओरानींची सुमारे 1 लाख 80 हजार हेक्टर जमीन लिलावाबाहेर राहिली. तिथेही न्यायाधीशांनी सरकारला नीट विचारायला सांगितलं आहे, विचारूच नका असं नाही. वाओरानींचे वकील आणि पुढारी हे जाणून आहेत, सरकारही.